ओळखीची खूण

झिंबरी आत्याच्या कपाळावर तीन ठिपके,
हनुवटीवर एक,
आणि डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत
तित्तरांची रांग.

तारेच्या कुंपणाच्या काळात
सेटलमेंटच्या वहीत हे सगळं उतरवलेलं होतं.
बापाचं नाव. जात. वय अंदाजे आठ.
ओळखीची खूण : कपाळी तीन टिंबे, हातावर पक्षी इ.
साहेबाला घाई असणार, हजेरीची रांग लांब.
त्या 'इ.'मध्ये अकरा तित्तरं होती.

तार निघाली. खांब राहिले,
त्यांवर आता आमची धुणी वाळतात.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कड शिवते,
दिवसाला तीनशे नग.
माझा भाऊ सरवण गॅरेजात होता.
गड्ड्याच्या जत्रेत कुणाचं तरी मंगळसूत्र गेलं
आणि चौकशीला जीप आली ती आमच्याच गल्लीत.
सहा दिवसांनी त्याला सोडलं.
काय विचारलं, सांगेना.
झोपेना.
भाकरी पुढ्यात वाळून कडक व्हायची
आणि आम्ही उगीच म्हणायचो,
कडकच बरी लागते की.

तेव्हा आत्यानं हात पुढं केला.
"मोज."
तो नुसता बघत राहिला.
"मोज की रं. मला दिसत नाहीत आता."

पहिलं, कुंभारीच्या माळावर फासातनं निसटलेलं.
दुसरं त्याची मादी. ती नाही निसटली.
तिसऱ्याला पाय एकच,
गोंदणारणीला मधेच शिंक आली होती.
पाचवं रात्री तारेखालून बाहेर जायचं,
हजेरीच्या आधी परत यायचं.
कुठं जायचं? आत्या हसली तेवढी.
सातवं आपलं नाहीच,
परांड्याकडनं आलं आणि राहिलं.
आठव्याला त्याचा आवाज जड झाला.
दहाव्याला तो झोपला होता
तिच्या कोपरावर तोंड उघडं टाकून,
आणि ती मुंग्या आलेला हात तसाच धरून
पहाटेपर्यंत बसली.

मग रोज रात्री हेच.
गोष्टी बदलायच्या,
पाचवं कधी वेशीपर्यंत जायचं, कधी पार विजापूरला.
आकडा तेवढा तोच.

"सोनं हितंच राहतं," ती म्हणायची,
"गोंदण तेवढं संगं येतं."
मला धडकी भरली.
ही गेली की तित्तरंही जाणार,
मग हा काय मोजणार?

मी खाकी कागद आणला.
"कागद नको," म्हणाली. "कागद साहेबाचा."

मग सेकंडात निघालेला एक टॉवेल,
एका अंगाला वीण चुकलेला.
दिव्याची काजळी, बिब्ब्याचं तेल,
शेजारच्या बाळंतिणीनं वाटीत पिळून दिलेलं दूध.
कापडाला दुधाची काय गरज?
"कातडीला लागतं, मग ह्याला का नको?"
काजळीच्या रेघेवरनं मी काळा दोरा घालत गेले.
लोंबत्या कातडीत रांग वाकडी झालेली,
मी सरळ करायला लागले
तर तिनं सुईवर बोट ठेवलं.
"राहू दे. चालून चालून वाकलीत."

वैशाखात गेली.
खड्डा खणताना माती हाताला चटके देत होती.
सरवण माती लोटताना काहीतरी पुटपुटत होता,
मला वाटलं देवाचं नाव.
जवळ गेले तर, सहा. सात.

टॉवेल त्याच्या उशाला असतो.
आता तो पुन्हा गॅरेजात जातो, निदान निम्मे दिवस.
जीपचा आवाज आला की अजून
हातातला पाना खाली ठेवून उभा राहतो.

काल टॉवेल धुवायला काढला,
सवयीनं मोजला.
बारा.
पुन्हा मोजला.

बारावं रांगेत नाही.
कडेपाशी, माझ्या शिलाईच्या पलीकडं,
टाके धोबड,
चोच बाकीच्यांच्या उलट दिशेला.

मी काही विचारलं नाही.
धुणं तसंच राहिलं.
सुई डबीत जागच्या जागी होती,
नेढ्यात वीतभर काळा दोरा
अजून ओवलेला.